शाळेचा ग्रुप 'ओन्ली अ‍ॅडमिन' झालाय, मग मुलांनी आणि पालकांनी बोलायचं कुठे? (नाशिक)

फळाखडू

नमस्कार मंडळी. नाशिककर जास्त वाचतील म्हणून इथे टाकतेय, पण बाहेरच्यांनीही लिहा.

मी पंचवटीकडच्या एका अनुदानित मराठी शाळेत शिकवते. सातवीची वर्गशिक्षिका, विषय मराठी आणि इतिहास. आमच्याकडे प्रत्येक वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतो. २०२० ला 'शाळा बंद पण शिक्षण आहे' चालू होतं तेव्हा पहिल्यांदा काढले, आणि मग दरवर्षी जूनमध्ये नवा काढायचा अशी पद्धतच पडली. आधी सगळे बोलायचे. मग गुड मॉर्निंग सुरू झालं, मग कुणीतरी मखमलाबादच्या प्लॉटची जाहिरात टाकली, मग सहलीच्या पैशावरून दोन पालकांची अशी जुंपली की रात्री साडेबारापर्यंत चालू होतं. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी सगळे ग्रुप ओन्ली अ‍ॅडमिन करून टाकले. आता तिथे फक्त आम्ही बोलतो. उद्या पीटीचा गणवेश, परवा चाचणी, आधार अपडेट करा, फीचा दुसरा हप्ता राहिलाय. पालक फार तर अंगठा दाखवतात. शांतता आहे खरी, पण मला माझ्या वर्गातल्या निम्म्या घरांचं काही म्हणजे काही कळत नाही आणि त्यांना आमचं.

आणि मुलं? त्यांचं तर कुणी विचारतच नाही. एवढं छान लिहितात हो काहीजण, वही तपासून मी सही करते आणि ती वही मे महिन्यात रद्दीत जाते.

तर डोक्यात आलंय की वर्गाचा ब्लॉग काढावा. ब्लॉगर नाहीतर वर्डप्रेस, फुकटातलं जे असेल ते. मुलांनी लिहायचं, पालकांनी खाली लिहायचं, मुलांनी त्यांना उत्तर द्यायचं. स्टाफरूममध्ये विषय काढला तर एक सर म्हणाले मॅडम आता ब्लॉग कोण वाचतं, रील काढा. दुसऱ्या मॅडम म्हणाल्या आधी यूडायस प्लस (शाळेची सरकारी ऑनलाइन माहिती) भरून दे माझं. मुख्याध्यापक म्हणाले करा पण काही लफडं नको. म्हणजे परवानगी आहे असं मी धरलंय.

कुणी केलंय का असं काही? काय चाललं, काय नाही चाललं? मोकळेपणाने सांगा, उपदेशही चालेल.

सिडकोकर बाबा

मॅडम, पालकाच्या बाजूने लिहितो. मी अंबडला कंपनीत आहे, शिफ्ट असते. पोरगी पाचवीत, शाळेचं नाव लिहीत नाही. तिच्या ग्रुपवर रात्री नऊला मेसेज पडतो, उद्या येताना घोटीव कागद, पुठ्ठा आणि लोकर आणणे. माझी सेकंड शिफ्ट, मी घरी येतो तोवर पोरगी झोपलेली, आणि सिडकोत रात्री बाराला लोकर कोण देणार. बरं विचारावं म्हटलं की परवा आणलं तर चालेल का, तर तिथे लिहिताच येत नाही. पर्सनलवर मेसेज केला तर मॅडम म्हणतात पर्सनलवर मेसेज करू नका. त्यांचंही बरोबर आहे, साठ पालकांनी रात्री पर्सनल मेसेज केले तर त्यांनी झोपायचं कधी.

दुसरं म्हणजे पोरीला विचारलं आज काय झालं शाळेत तर उत्तर 'काही नाही'. रोज. सहा तास शाळेत बसून काही नाही. तिने लिहिलेलं चार ओळींचं काही मला कंपनीच्या कॅन्टीनमध्ये वाचायला मिळालं ना, तर मी घरी जाऊन निदान एक प्रश्न तरी नीट विचारीन. ब्लॉग असो नाहीतर अजून काही असो, हे झालं पाहिजे. माझं मत हो.

गंगापूर रोडवरचा

रुमाल टाकून ठेवतो. बायको शिक्षिका आहे, तिला वाचून दाखवतो रात्री.

निवृत्त हेडसर

फळाखडू, उत्साहावर पाणी टाकायचं नाही, पण थोडं मागचं सांगतो.

२०१५ साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' आलं आणि 'तंत्रस्नेही शिक्षक' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी झाला. त्या दोन-तीन वर्षांत राज्यात शिक्षकांचे इतके ब्लॉग निघाले की विचारू नका. मी स्वतः केंद्रातल्या शिक्षकांना कार्यशाळेत बसवून काढून घेतलेत. काय असायचं त्यात? वर एक फिरती पट्टी, 'माझ्या ब्लॉगवर आपले सहर्ष स्वागत आहे'. बाजूला घड्याळ, खाली भेट देणाऱ्यांचा आकडा. आणि आत शासन निर्णय, नमुना प्रपत्रं, वेतन निश्चितीचा तक्ता, परिपाठाच्या पीडीएफ. उपयोगी होतं ते, नाही म्हणत नाही, एका शिक्षकाने केलेलं दुसऱ्याला आयतं मिळायचं. पण त्यात मूल कुठे होतं? पालक कुठे होता? शिक्षकाने शिक्षकासाठी लिहिलेलं ते. मुलाच्या एका वाक्याला त्यात जागा नव्हती, आणि अधिकारी भेटीला आले की आकडा दाखवायचा, एवढंच. शिपाई फळ्यावर सूचना लिहून निघून जातो ना, तसलं झालं होतं सगळं.

म्हणून माझा एकच प्रश्न. उत्तर कोण देणार? मूल लिहील, तुम्ही चढवाल, पुढे? त्याला कुणी दोन शब्द लिहिले नाहीत तर ते तिसऱ्यांदा लिहिणार नाही. हे ठरवा आधी, ब्लॉगर की वर्डप्रेस हे नंतर.

आणि आपल्या शाळांत हस्तलिखिताची फार चांगली पद्धत होती. वर्षातून एक अंक, चांगल्या अक्षराची मुलं निवडून लिहून घ्यायचा, चित्रं काढायची, कापडी बांधणी करायची. भित्तिपत्रक तर दर पंधरवड्याला. त्याच्यासमोर मधल्या सुट्टीत गर्दी व्हायची, कारण कोण काय बोललं ते तिथल्या तिथे ऐकू यायचं लिहिणाऱ्याला. ते ऐकू येणं महत्त्वाचं. तुमच्या ब्लॉगमध्ये ते कसं आणाल बघा.

झणझणीत

अजून द्या मुलांच्या हातात मोबाईल! आधीच डोळे गेलेत, आता अभ्यासाच्या नावाखाली ब्लॉग. आमच्या वेळी

झणझणीत

प्रकाटाआ, म्हणजे प्रतिसाद काढून टाकला आहे (अर्धाच पोस्ट झाला होता, आणि हेडसरांचं वाचल्यावर पुढचं लिहावंसं वाटलं नाही)

टंकऋषी

झणझणीत, हाहा.

फळाखडू, काम आयटीचं आहे म्हणून नुसतं तांत्रिक सांगतो. पहिला अडथळा टायपिंगचा येणार, पैज लावतो. शाळेच्या ऑफिसमध्ये बहुतेक श्रीलिपी किंवा तसलाच जुना फॉन्ट असेल. त्यात टाइप केलेलं ब्लॉगवर चिकटवलं की नुसते रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे गिचमिड पुंजके दिसतात, कारण ते युनिकोड (सगळ्या फोन-कॉम्प्युटरवर सारखंच दिसणारं टायपिंग) नसतं. फोनवर वाचणाऱ्याला तर काहीच दिसणार नाही. त्यामुळे क्लार्कभाऊंना 'हे टाकून द्या' म्हणून देऊ नका, सरळ युनिकोडमध्येच लिहा. कॉम्प्युटरवर शिकायचंच असेल तर इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकवा, मुलं लवकर शिकतात, आपल्यालाच जड जातं.

फोनवर जीबोर्ड, म्हणजे गूगलचा कीबोर्ड. त्यात मराठी बोलून टायपिंग २०१७ पासून आहे आणि आता बरंच बरं चालतं. फक्त मुलं बोलतात एका दमात आणि ते विरामचिन्हं घालत नाही, सगळं एक लांबच लांब वाक्य येतं (माझ्यासारखं). तर एक करा, बोलून आलेला मजकूर आहे तसा वर्गात दाखवा आणि पूर्णविराम कुठे द्यायचे ते मुलांनाच ठरवू द्या. व्याकरणाचा तास आपोआप झाला. 'शाळा' टाइप करायला जाऊन 'शाला' येणं वगैरे गमतीही त्यातच निघतील.

ब्लॉगरमध्ये सेटिंगला जाऊन दोन गोष्टी आधी करा. कमेंट मॉडरेशन 'ऑलवेज' ठेवा, म्हणजे तुम्ही बघितल्याशिवाय काहीच दिसणार नाही. आणि सर्च इंजिनला दिसू द्यायचा की नाही याचा एक खटका आहे तो बंद करा. लिंक असेल तो वाचेल, गूगलवर शोधून कुणी येणार नाही.

वर्डप्रेस चांगलंच आहे पण शाळेत ब्लॉगर पुरे. कमी बटणं, कमी डोकेदुखी.

पेठ रोड

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत, पेठ तालुक्यात, गाव सांगत नाही. आमच्याकडे शाळेच्या ओट्यावर रेंज नाही, टेकडीवरच्या आंब्याखाली आहे आणि ती पण पावसाळ्यात नाही. त्यामुळे ब्लॉग वगैरे ऐकून आधी हसूच आलं. पण हेडसर म्हणतात ना उत्तर कोण देणार, त्यावर आमच्याकडे एक गोष्ट लागू पडलीय ती सांगतो.

दिवाळीनंतर आमच्याकडचे बरेच आईबाप दिंडोरी, निफाडकडे द्राक्षबागेत कामाला जातात. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकचा काही भाग, सगळीकडे तेच. मुलं आजीजवळ नाहीतर वसतिगृहात. महिनोन् महिने भेट नाही. मुलांनी पत्रं लिहावीत म्हटलं तर आईला वाचता येत नाही. मग मी व्हॉइस मेसेज सुरू केला. शुक्रवारी मुलं माझ्या फोनवर बोलतात, कविता म्हणतात, शेळीला करडू झालं ते सांगतात, एकाने तर फक्त गणिताचा पाढा म्हटला, तेरा चा, पूर्ण. मी संध्याकाळी घाट उतरलो की रेंजमध्ये आल्यावर एकेक ज्याचं त्याला पाठवतो. बागेत टोळीतल्या एकाकडे तरी साधा का होईना स्मार्टफोन असतोच, नंबर मुकादमाचा असतो कधी कधी.

सोमवारी उत्तरं आलेली असतात. एका तिसरीच्या पोरीच्या आईचं उत्तर आलं त्यात मागे ब्लोअरचा एवढा आवाज की बाई काय बोलतेय तेच कळेना, फवारणी चालू असणार. मी म्हटलं परत मागवतो तर पोरगी म्हणे नको सर, मला कळलं. मग तिनेच अख्ख्या वर्गाला सांगितलं आई काय म्हणाली. कोकणा बोलीत होतं सगळं. मला अर्धंच कळलं, वर्गाला पूर्ण.

त्याच्यावर मग मी लिखाण घेतो. आईला काय सांगितलं ते वहीत लिहा. पहिली पाच-सहा वाक्यं घरच्या बोलीत, नंतर पुस्तकी मराठीत. दोन्ही ठेवतो, एक खोडून दुसरं नाही. टंकऋषी म्हणतात ते बोलून टायपिंग आमच्या बोलीला अजिबात चालत नाही बरं का, काहीच्या काही लिहितं. त्यामुळे वहीचा फोटो काढून तोच चढवायचा, हे आमच्यासाठी जास्त सोपं. मुलाचं अक्षर पण दिसतं.

सांगायचं म्हणजे, साधन पालकाच्या हातात जे आहे ते धरा. तुमच्याकडे पंचवटीत ब्लॉग चालेल, आमच्याकडे मुकादमाचा फोन.

फळाखडू

पेठ रोड सर, तुमचं पोस्ट उद्या स्टाफरूममध्ये वाचून दाखवणार आहे, चालेल ना?

माझ्या वर्गातही काही आया लिहायला बिचकतात. पोळी-भाजी केंद्रात काम करणाऱ्या एक आहेत, त्या म्हणाल्या मॅडम माझं शुद्ध नाही, मुलगा हसेल. म्हणजे कमेंट हा प्रकार सगळ्यांना सोपा नाही हे डोक्यात आलं. त्यांनी व्हॉइस पाठवायचा आणि मुलाने ऐकून तो आईच्या नावाने टाइप करायचा असं करता येईल.

आई आणि बरंच काही

मी जरा कटकट करते, माफ करा, पण हे कुणीतरी बोलायला हवं.

माझ्या मुलाच्या आधीच्या शाळेने (इंग्रजी माध्यम, नाव नको) फेसबुकवर मुलांचे फोटो टाकायचा सपाटा लावला होता. चेहरा स्पष्ट, गणवेशावर शाळेचं नाव, खाली मुलाचं पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी आणि वर 'बसची वाट पाहताना आमचे छोटे दोस्त'. कुठला थांबा तेही मागे दिसतंय. मी विचारलं तर म्हणे अ‍ॅडमिशन फॉर्मवर तुम्ही सही केलीय. फॉर्ममध्ये बारीक अक्षरात कुठेतरी असेल. मी हट्टाने माझ्या मुलाचा फोटो हटवायला लावला पण तोवर तो किती ठिकाणी गेला असेल देव जाणे.

तेव्हा फळाखडू, प्लीज, मुलांचे चेहरे नकोत. नाव फक्त पहिलं, आडनाव नको. फोटो हवाच असेल तर वहीचा, चित्राचा, प्रयोगाचा, फार तर हातांचा. पालकांची वेगळी लेखी संमती घ्या, मराठीत, मोठ्या अक्षरात, आणि 'नाही' म्हणणाऱ्याच्या मुलाला वगळल्यासारखं वाटणार नाही असं बघा (त्याचं लेखन टोपणनावाने घेता येतं, मुलांना टोपणनावं भयंकर आवडतात). २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या सगळ्यांना मूलच धरतो आणि त्यांची माहिती वापरायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते असं सांगतो. शाळेने काढलेली संमती नीट फाइलला असू द्या.

आणि मुलांना स्वतःची जीमेल काढायला सांगू नका. गूगलची अट १३ वर्षांची आहे, तुमच्या सातवीत अर्धे १२ चे असतील, मग जन्मसाल खोटं टाकतात. आपणच खोटं बोलायला शिकवायचं का? एकच वर्गाचं खातं ठेवा, तुमच्याकडे.

व्हॉट्सअ‍ॅपचंही तेच. आमच्या ग्रुपमधून माझा नंबर घेऊन एका 'पालकाने' विमा विकायला फोन केले, नंतर रात्री 'हाय' पण आलं. बायकांचे नंबर असे दोनशे लोकांना उघडे टाकलेले असतात हे शाळेच्या लक्षातच येत नाही.

टंकऋषी

ताई, शंभर टक्के बरोबर. नंबरांवर उपाय आहे. साध्या ग्रुपमध्ये सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये दिसत नाहीत, पण ती २५६ जणांचीच असते आणि ज्याने शाळेचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो, त्यामुळे 'आम्हाला आलंच नाही' हा घोळ कायम. चॅनेल काढलं तर फॉलो करणाऱ्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत, पण तिथे पालकाला लिहिता येत नाही, नुसता बदाम टाकायचा. म्हणजे सूचनेसाठी चॅनेल चांगलं, बोलण्यासाठी नाही. फळाखडूंच्या ब्लॉगची लिंक चॅनेलवर टाकायची आणि बोलणं ब्लॉगखाली, हे मला जमण्यासारखं वाटतं.

सिडकोकर बाबा

सूचनेवरून आठवलं. पावसाळ्यात सुट्टीच्या मेसेजचा जो गोंधळ होतो त्याचं काहीतरी करा राव. जुलैमध्ये एक दिवस सकाळी सहाला जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाचा फोटो फिरला, सगळ्या पालकांनी पोरं घरी ठेवली. दहा वाजता कुणीतरी झूम करून बघितलं तर तारीख मागच्या वर्षीची. दिवस तोच, महिना तोच, वर्ष वेगळं. शाळा चालू आणि वर्गात नऊ पोरं. बरं ग्रुपवर कुणाला 'खोटं आहे' असं लिहायची सोय नाही, ओन्ली अ‍ॅडमिन! अ‍ॅडमिन मॅडम बसमध्ये.

ब्लॉगच्या पहिल्या पानावर 'आज शाळा आहे / नाही' एवढी एक ओळ तारखेसकट रोज असली तरी आम्ही पालक तेवढ्यासाठी तरी रोज उघडू. आणि एकदा उघडलं की खाली पोरांनी काय लिहिलंय ते दिसतंच.

निवृत्त हेडसर

सिडकोकर, ही युक्ती फार आवडली. आकड्यासाठी फिरती पट्टी लावायची गरजच नाही मग.

एक भर घालतो. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती असते, त्यात ७५ टक्के पालक आणि एकूण निम्म्या महिला. कागदावर. बैठकीचं इतिवृत्त रजिस्टरमध्ये लिहिलं जातं आणि रजिस्टर कपाटात. पालकांनी प्रश्न विचारला की नळ कधी दुरुस्त होणार, त्याचं उत्तर इतर पालकांना कळतच नाही, म्हणून पुढच्या वेळी कुणी येत नाही. इतिवृत्त साध्या भाषेत ब्लॉगवर टाका. मुख्याध्यापक थोडे कुरकुरतील. कुरकुरू द्या, मी पण कुरकुरलो असतो.

फळाखडू

धागा वर काढतेय. पहिलं सत्र संपलं, सांगण्यासारखं बरंच झालंय म्हणून लिहिते.

संमतीपत्रं घेतली, मोठ्या अक्षरात. तीन घरांनी नाही म्हटलं, त्यांची मुलं टोपणनावाने लिहितात आणि आता बाकीच्यांनाही टोपणनावं हवीत (एकाने 'गोदावरी एक्स्प्रेस' घेतलंय). खातं वर्गाचं एकच. आनंददायी शनिवारचा एक तास मी ब्लॉगला दिला. सुरुवातीला 'माझी आई', 'पावसाळा', तेच ते, आणि खाली पालकांचं 'खूप छान बाळा'. हेडसरांचा प्रश्न डोक्यात होताच. खूप छान बाळा हे उत्तर नव्हे.

मग पावसात नदीला पाणी आलं तेव्हा मी सांगितलं, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, तुम्ही पाहिलेला सगळ्यात मोठा पूर कुठला. आमच्या वर्गातल्या एकाच्या आजोबांचं भांडी बाजारात दुकान होतं. त्याने लिहिलं की १९६९ च्या पुरात आजोबा लहान होते आणि दुकानातली पातेली पाण्यावर तरंगत बाहेर जाताना त्यांनी माळ्यावरून बघितली, आणि तांब्याचे हंडे मात्र गेले नाहीत कारण त्यांच्यात आधीच पाणी भरलं. एवढंच, दहा-बारा ओळी. खाली कमेंट सुरू झाल्या. एका मुलीच्या आजीने (म्हणजे मुलीनेच टाइप करून) लिहिलं की २००८ चा मोठा होता, सराफ बाजारात किती पाणी होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. तिसरे एक बाबा म्हणाले २०१६ विसरलात का सगळे. मग सुरू झालं दुतोंड्या मारुतीवरून (गोदापात्रातली मूर्ती, नाशिककर पूर तिच्यावरून मोजतात). कमरेपर्यंत, छातीपर्यंत, डोक्यावरून. प्रत्येकाच्या पुरात मारुती वेगळा बुडालेला. एका मुलाने शेवटी विचारलं की मारुतीवरून मोजण्यापेक्षा गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं ते बघायचं ना, आणि त्याचे बाबा दुसऱ्या दिवशी जुन्या पेपरची कात्रणं शोधायला सार्वजनिक वाचनालयात गेले. स्वतःहून. हे बाबा एरवी पालकसभेला सहीपुरते येतात.

त्यात एक निवृत्त शिक्षक आजोबा आहेत, त्यांनी पुरावर काहीच लिहिलं नाही, फक्त एवढंच की 'पाणी' मधला णी दीर्घ असतो. त्यावर ज्याने लिहिलं होतं त्याचं उत्तर, 'आजोबा दुसरी वेलांटी पुरात वाहून गेली'. मी मॉडरेशनमध्ये ते बघून स्टाफरूममध्ये एकटीच हसत बसले. आजोबांनी पण हसरा चेहरा टाकला. त्या दिवसापासून तो पोरगा दर आठवड्याला त्यांना विचारून लिहितो, त्यांची प्रत्यक्ष भेट अजून झालेली नाही.

जे नाही चाललं तेही सांगते. गृहपाठ ब्लॉगवर टाकायचा प्रयत्न पार फसला, ते ग्रुपवरच बरं. गूगल फॉर्मवरची पालकांची मतचाचणी, कुणी भरलीच नाही, लिंक दिसली की लोकांना सरकारी काम वाटतं. आणि रील सुचवणारे सर आता रोज विचारतात नवीन काय आलं. त्यांच्याकडून आठवीचा ब्लॉग काढून घ्यायचा विचार आहे, पण ते अजून हो म्हणत नाहीत.

पोळी-भाजी केंद्रातल्या ताई व्हॉइस पाठवतात, मुलगा टाइप करतो. परवा म्हणाल्या, मॅडम त्याने मी बोलले त्यातलं एक वाक्य गाळलं, मला दिसलं. म्हणजे त्या वाचतायत!

गंगापूर रोडवरचा

अवांतर, पण २००८ च. आमचा ओळखीतला एक तेव्हा सोमवार पेठेत राहायचा. बास, माझा मुद्दा संपला.

पेठ रोड

हंडे गेले नाहीत कारण पाणी भरलं, हे माझ्या चौथीला विज्ञानात सांगणार. तरंगणे-बुडणे चालूच आहे. तुमच्या पोराचं नाव न सांगता सांगतो.

आई आणि बरंच काही

मस्तच. एक विचारू? हे सगळं उघड बोलणं झालं. जे उघड बोलता येत नाही त्याचं काय? मुलाला वर्गात कुणी त्रास देतंय, रिक्षावाले काका नीट वागत नाहीत, असलं. ब्लॉगखाली कुणी लिहिणार नाही.

टंकऋषी

फॉर्म ठेवता येतो 'नाव न देता सांगा' असा, पण सेटिंगमध्ये ईमेल गोळा करायचा पर्याय चालू राहिला तर ते निनावी राहत नाही, आणि मुलांना वाटतं आपण निनावीच लिहितोय. विश्वास गेला की गेला. तो आधी बंद करा, दुसऱ्या फोनवरून स्वतः भरून बघा काय दिसतंय.

निवृत्त हेडसर

ते फॉर्मवर सोडू नका. तक्रारपेटी प्रत्येक शाळेत लावायचीच असते, मुलांच्या सुरक्षेसाठी शाळेत सखी सावित्री समिती आहे, १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर मुलांना पाठ पाहिजे. पेटी ऑफिसच्या दारात, सगळ्यांच्या डोळ्यासमोर लावली तर त्यात चिठ्ठी कोण टाकेल, तेव्हा ती जिन्याखाली किंवा पाण्याच्या टाकीजवळ हलवा. आणि दर आठवड्याला दोघांनी मिळून उघडा. हे इंटरनेटचं काम नाही.

फळाखडू

पटलं सर. पेटी सध्या मुख्याध्यापकांच्या केबिनच्या बरोबर समोर आहे. उद्याच बोलते.

पेठ रोड

मॅडम एक राहिलं. आमच्या केंद्रात एका सरांनी फार सुंदर ब्लॉग चालवला होता, मुलांच्या गोष्टी, गावातल्या झाडांची नावं बोलीतली, सगळं. त्यांची बदली झाली. खातं त्यांच्या पर्सनल जीमेलवर, नंतर त्यांचा नंबर बदलला, पासवर्ड त्यांनाच आठवेना. ब्लॉग अजून आहे, दिसतो, पण कुणालाच त्यात काही घालता येत नाही. शेवटचं पोस्ट मुलांनी दिलेल्या निरोपाचं आहे. तर खातं शाळेच्या नावाने काढलंत का? दुसरा अ‍ॅडमिन कोण? रिकव्हरीला नंबर कुणाचा?

फळाखडू

अरे देवा. खातं शाळेच्या नावाने आहे, दुसरा अ‍ॅडमिन अजून नाही, आणि रिकव्हरीला मुख्याध्यापकांचा नंबर दिलाय. ते मे महिन्यात रिटायर होतायत.

टंकऋषी

आज रात्रीच बदला. ब्लॉगरमध्ये सेटिंगला जाऊन परवानग्यांमध्ये लेखक जोडा, मग त्यांना अ‍ॅडमिन करा. रीलवाल्या सरांनाच करा, आठवीचा ब्लॉग काढायला तेवढंच निमित्त मिळेल त्यांना.